डीजेवाल्या पोरांनो, नाचाचं संगीत स्वतः रचा

यवतमाळ जिल्ह्यात डीजे चालवणाऱ्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. तुमच्या आईवडिलांनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनीही ते वाचावं.

हळदीत कोणत्या ठेक्यावर बायका उठतील, कोणत्या गाण्याला वरात जागची हलणार नाही, कुठं बेस काढून घेतला की सगळे हात वर जातील, हे तुम्हाला नेमकं कळतं. नाचणाऱ्याचे पाय ओळखणं ही नाचाच्या संगीतकाराची अर्धी विद्या आहे. ती तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती दुसऱ्यांची गाणी एकामागून एक लावण्यात खर्च करता.

या धंद्याचं गणित तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि आषाढ आला की ऑर्डरी थांबतात. मग थेट गणपती आणि दुर्गोत्सव. ज्याची स्पीकरची भिंत मोठी त्याला सुपारी, म्हणून कर्ज काढून भिंत वाढवायची. पण मोठ्या आवाजाला कायद्यानं कुंपण घातलं आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांना आणि तीही मध्यरात्रीपर्यंतच. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. जप्तीची भीती आणि कानांची हानी डोक्यावर घेऊन आयुष्यभर हाच धंदा करणार का? माझा सल्ला सरळ आहे : नाचासाठी संगीत रचायला शिका.

हे मोठ्या शहरातल्यांनाच जमतं, असं समजू नका. अमेरिकेतल्या गॅरी या पोलादी गावातली जेरिलिन पॅटन, संगीतात तिला जेलिन म्हणतात, पोलादाच्या कारखान्यात नोकरी करत घरी संगीत रचायची. शिकागोकडच्या फूटवर्क नावाच्या वेगवान नाचाच्या संगीतातून ती घडली. 2017 साली लंडनचे नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगर यांच्या ‘ऑटोबायोग्राफी’ या नृत्यप्रयोगाचं संगीत तिनं केलं. 2023 साली पुलित्झर पुरस्काराच्या संगीत विभागात ती अंतिम फेरीत होती. आपल्या मराठीतही क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ 2024 साली स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीनं काढलं आणि मराठी बोलांवर परदेशातही लोक नाचले.

सुरुवात शाळेच्या स्नेहसंमेलनापासून करा. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक शाळेत ‘मिक्स’ लागतो. चार गाण्यांचे तुकडे जोडलेले असतात आणि जोडावर लय अडखळते. मुलींचा उजवा पाय उचललेला असतो आणि समेचा ठोका अर्धा क्षण आधीच येऊन जातो. मग पहिली रांग मागच्या रांगेकडे बघते. हा दोष मुलींचा नाही, तो संगीताचा आहे. म्हणून आधी तालमीला जाऊन बसा. बाई आठ आकडे मोजून पावलं शिकवतात. तुम्हीही वहीत आकडे मांडा. रांग कधी वळते, गोल कधी होतो, दम घ्यायला जागा कुठं हवी, ते लिहा. प्रवेशाला किती वेळ लागतो तो मोजा. मग त्या मापानं संगीत बेता. एखाद्या उडीआधी सगळे आवाज बंद करून पाहा. तेवढी शांतता मोठ्या बेसपेक्षा जास्त काम करते.

साधनांसाठी अडून राहू नका. लॅपटॉप तुमच्याकडे आहेच. ऑडेसिटी आणि एलएमएमएस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, चोरीची कॉपी लागत नाही. आषाढ-श्रावणात ऑर्डरी नसतात, ते दिवस शिकण्यात घाला.

आणि आवाज शोधायला यूट्यूबवर कशाला जाता? आपल्या जिल्ह्याइतकं नाचाचं धन फार थोड्या जिल्ह्यांकडे आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड आणि कोलाम पाड्यांवर दंडार असते, ढेमसा असतो. होळीला पुसद, दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर लेंगी रंगते. हे आवाज टिपायला जाल तेव्हा आधी वडीलधाऱ्यांची परवानगी घ्या. वाजवणाऱ्याला मानधन द्या, त्याचं नाव लिहून घ्या आणि झालेलं काम आधी त्यालाच ऐकवा. देवाधर्माचं जे वाजवू नका म्हणतील, ते वाजवू नका. फोन ढोलाला चिकटवला तर आवाज फाटतो. पाच-सहा पावलं मागं, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि एमपी3ऐवजी वेव्ह फाइल ठेवा. नाच रंगात आला की लय आपोआप चढते. तिला संगणकाच्या ठोक्याला बांधू नका. सहा मात्रांच्या चालीखाली चारचा किक दामटला की पावलंच मोडतात.

हक्काचंही बोलू. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला कायद्यानं सूट आहे. पण दुसऱ्याच्या गाण्याचा रिमिक्स करून तो विकणं वेगळं. तिथं परवानगी लागते. स्वतः रचलेलं संगीत मात्र तुमचं असतं. ते हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतात. 2012 सालच्या दुरुस्तीनं संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला आणखी बळ दिलं आहे, म्हणून कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नका. काम घेताना अर्धे पैसे आधी घ्या, बदल किती वेळा करून देणार ते लिहा, आणि कार्यक्रमपत्रिकेत नाव छापायला सांगा.

शिक्षकांनो, गॅदरिंगला तुम्ही पोशाखावर खर्च करता. त्यातला थोडा वाटा नव्या संगीताला द्या. मंडळांनो, देवीच्या देखाव्यासाठी तयार कॅसेटछाप आवाज न लावता गावच्या पोराकडून ध्वनिसंयोजन करून घ्या, आणि मोबदला वेळेवर द्या. आईवडिलांनो, पोरगं रात्री हेडफोन लावून बसलं म्हणजे वाया गेलं असं समजू नका. काय केलंस ते ऐकव, असं म्हणा.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. येत्या स्नेहसंमेलनात प्रत्येक तालुक्यातल्या एका शाळेनं एक नाच तरी आपल्याच तालुक्यातल्या पोराच्या किंवा पोरीच्या संगीतावर बसवावा, एवढंच मागणं आहे. डीजेवाल्यांनो, शाळेकडून बोलावणं येण्याची वाट पाहू नका. दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापकांना भेटा, दोन मिनिटांचं स्वतःचं संगीत ऐकवा आणि काम मागा.