डग्गा वाजला की तंबोरा दबतो

दांडिया बाजारातल्या घरी बाबांनी गायलेले अभंग मीच मिक्स केले होते. हौसेने सगळ्या मिक्सवर स्टिरिओ बस कॉम्प्रेसर लावला, रेशो १०:१, अ‍ॅटॅक एकदम फास्ट. आवाज भारदस्त झाला, मी खूश!

बाबा शिकले मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेत, म्हणजे आपल्या म्युझिक कॉलेजात. कान तयार. म्हणाले, "अरे, डग्गा वाजला की तंबोरा का दबतो?"

बरोबरच होतं. कॉम्प्रेसरला सगळ्यांची बेरीज दिसते. शिरजोर डग्ग्याचा खर्ज, शिक्षा मात्र तंबोऱ्याला. गरब्याच्या ढोलाला चालतं हो ते. अभंगाला माझ्या मते २:१ पुरे, अ‍ॅटॅक ३० मिलिसेकंद, काटा फार तर २ डेसिबल हलावा. साइडचेनला हायपास लावावा, म्हणजे खर्ज त्याच्या कानावर जात नाही.

बाबा गेल्यावर मूळ ट्रॅक खूप शोधले. ते दबलेलं मिक्सच उरलंय.