जबाब तिचा घ्या

गावात दोन मुली एका ताटात जेवल्या, एका अंथरुणावर झोपल्या तरी कुणाची हरकत नसते. पण त्यातली एक ‘मला लग्न नको, हिच्यासोबतच राहायचंय’ म्हणाली, की मोबाइल काढून घेतला जातो, कॉलेज सुटते, मामाच्या गावी रवानगी होते आणि घाईघाईने पाहुणे बघायला येतात. दोघी घर सोडून गेल्याच, तर ‘हरवल्याची’ तक्रार तयार असते.

तमिळनाडूत पोलिसांनी २५ वर्षांच्या एका तरुणीला तिच्या जोडीदारणीपासून तोडून घरच्यांच्या हवाली केले. तिथे आपल्याला मारहाण झाली, ‘ताळ्यावर आणण्यासाठी’ विधी करायला लावले, असे तिने न्यायालयात सांगितले. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिची सुटका केली, पोलिसांची कानउघाडणी केली आणि माणसाने स्वतः निवडलेले कुटुंबही कुटुंबच मानले.

समलैंगिक संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. विवाहाला मान्यता २०२३ मध्येही मिळाली नाही, हे दुर्दैवच. तरी सज्ञान व्यक्तीने कुणासोबत राहावे, हा तिचाच अधिकार आहे. मात्र हाताशी पैसा नसलेली, रोजाने खुरपायला जाणारी मुलगी उच्च न्यायालय कसे गाठणार? तिचा न्याय तालुक्याच्या ठाण्यातच व्हायला हवा. गृहखात्याने सर्व ठाण्यांना लेखी आदेश द्यावा: नातेवाइकांना बाहेर बसवून सज्ञान मुलीचा जबाब घ्या आणि ती म्हणेल तिथे तिला जाऊ द्या.