अर्धं पुस्तक, पूर्ण किंमत

व्हिडिओ गेमचं छापील गाइड विकत घ्यावं का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार असतं. सगळं नेटवर फुकट आहे, पैसे कशाला घालवायचे? उत्तर व्यवहाराचं वाटतं. पण खेळाडूंनी खेळाडूंसाठी लिहिलेली माहिती गेमफॅक्स या संकेतस्थळावर १९९५ पासून फुकटच मिळते आहे. प्राइमा या अमेरिकेतल्या बड्या गाइड-प्रकाशकाचा गाशा गुंडाळण्याची घोषणा झाली २०१८ मध्ये. मधल्या काळात लाखो लोकांनी फुकटचं सोडून पैसे मोजले, ते काही खुळे नव्हते. त्यांना काय हवं होतं, हे चांगल्या गाइडपेक्षा एका वाईट गाइडवरून जास्त चटकन कळतं.

‘फायनल फँटसी ९’ अमेरिकेत आला नोव्हेंबर २००० मध्ये. प्लेस्टेशनसाठी, चार सीडींचा पसारा. त्यातली एक तलवार अशी, की खेळ सुरू केल्यापासून बारा तासांच्या आत शेवटच्या मुक्कामी पोचलात तरच हाती लागते. आपल्या आपण हे कुणाला सुचणार? असल्या खेळाला गाइड लागतंच. ब्रॅडीगेम्सनं ते काढलं. अधिकृत, रंगीत, जाडजूड. आत पानोपानी चौकटी होत्या आणि चौकटीत माहितीऐवजी एक परवलीचा शब्द. खेळाची निर्माती कंपनी स्क्वेअर, तिच्या प्लेऑनलाइन या संकेतस्थळावर जायचं, तो शब्द टाकायचा, मग उत्तर दिसणार.

ते साल आठवा. नेट म्हणजे डायल-अप. खेळ चालू टीव्हीवर, संगणक बहुधा दुसऱ्या खोलीत. म्हणजे खेळ थांबवा, उठा, घरातलं कुणी फोनवर बोलत नाही ना ते पाहा, मोडेमची खरखर ऐका, शब्द टाका, पान उघडेपर्यंत थांबा, उत्तर कागदावर उतरवून घ्या, परत या. आणि एवढ्यासाठी आधी पुस्तकाचे पैसे द्या.

ज्याच्याकडे नेट होतं त्याला हे पुस्तक कशाला हवं होतं? आणि ज्याच्याकडे नव्हतं त्याला त्याचा उपयोग काय होता? या दोघांखेरीज तिसरं गिऱ्हाईक नसतं.

जागा अपुरी पडली म्हणावं, तर चौकटीला जागा होतीच. ज्या ओळीत ‘संकेतस्थळावर जा’ छापलं, त्याच ओळीत छोटीशी सूचना सहज मावली असती. माहिती हाताशी होती, ती राखून ठेवली गेली. स्क्वेअरला नव्या संकेतस्थळावर वर्दळ हवी होती आणि ती पुस्तकाच्या गिऱ्हाइकाच्या खर्चानं जमवायची होती, हे सांगायला ज्योतिषी नको. छापील गाइडं इंटरनेटनं मारली असं सर्रास म्हणतात. ते खरंही आहे. पण पुस्तक म्हणजे संकेतस्थळाची पाटी, हे वाचकाला पहिल्यांदा शिकवलं कुणी, याचा हिशेब त्यात धरला जात नाही.

आज ते परवलीचे शब्द टाकून प्लेऑनलाइनवर काही मिळत नाही. पुस्तक मात्र जुन्या बाजारात फिरतं आहे, चौकटींसकट.

छापील गाइड घेणारा माणूस माहितीचे पैसे देत नाही. उठावं लागू नये, याचे देतो. हातात कंट्रोलर, मांडीवर उघडं पुस्तक, अडलं की पान उलटायचं, कळलं की पुन्हा पडद्याकडे. मध्ये जाहिरात नाही, सव्वा मिनिटाच्या उत्तरासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ नाही, नको असताना कानावर पडलेला खेळाचा शेवट नाही. पिगीबॅक या प्रकाशकानं २०१७ मध्ये ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चं गाइड काढलं. एकशेवीस श्राइन (छोटी देवळं) आणि नऊशे कोरोक (लपून बसलेले वनजीव) विखुरलेला तो मुलूख कागदी नकाशावर समोर पसरून पाहणं आणि फोनवर दोन बोटांनी लहानमोठा करत शोधणं, यातला फरक ज्यानं अनुभवला आहे त्याला किंमत पटवून द्यावी लागत नाही.

सगळंच छापून शोभतं असं मात्र नाही. ‘एल्डन रिंग’ हा खेळ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात अपडेटनं त्यातल्या काही हत्यारांची ताकद उतरवली. असले आकडे शाईत टिकत नाहीत. ते नेटवरच बघावेत. वाटा, नकाशे, कोडी, चित्रं यांचं तसं नसतं.

तेव्हा घ्यावं की नाही? नकाशे पूर्ण असतील, उत्तरं त्याच पानावर असतील, तर जरूर घ्यावं, किंमत जास्त वाटली तरी. जुनं गाइड मागवत असाल तर मुखपृष्ठावर भाळू नका, विकणाऱ्याकडे आतल्या चार पानांचे फोटो मागा. एखादी चौकट तुम्हाला दुसरीकडे पाठवताना दिसली, तर पैसे खिशातच राहू द्या.