वैयावृत्त्य करणाऱ्यांची बाजू

जैन दर्शनात तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर. अनशन, ऊणोदरी ही बाह्य तपे आपल्या घराघरांत परिचित आहेत. अठ्ठाई वा मासक्षमण करणाऱ्या तपस्वींची अनुमोदना संघ थाटाने करतो, आणि ते योग्यच आहे. आभ्यंतर तपांत प्रायश्चित्त व विनय यांच्यानंतर तिसरे स्थान वैयावृत्त्याचे आहे. शास्त्रात हे तप मुख्यत्वे आचार्य, तपस्वी, नवदीक्षित, ग्लान अशा साधुजनांच्या सेवेसंदर्भात येते. ग्लान म्हणजे रोगी. रोग्याची सेवा ही तपश्चर्या आहे, हा विचार तेथूनच श्रावकाच्या जीवनात औषधदानाच्या रूपाने उतरला.

पर्युषणातील व्याख्यानांत नंदीषेण मुनींची कथा अनेकांनी ऐकली असेल. ग्लानसेवेचा अभिग्रह घेतलेल्या या मुनींची परीक्षा पाहण्यासाठी एक देव रोगी साधूचे रूप घेऊन नगराबाहेर पडून राहिला. निरोप मिळताच मुनी पारणे बाजूला ठेवून धावले आणि त्यांनी रोग्याला खांद्यावर घेतले. वाटभर त्या रोग्याने त्यांना कठोर शब्द ऐकवले, त्यांच्या अंगावर मलविसर्जन केले. मुनींच्या मनात मात्र एकच चिंता होती, या जीवाला आराम कसा पडेल? या कथेत आपण नेहमी खांदा देणाऱ्याची क्षमा पाहतो. आज क्षणभर खांद्यावर बसलेल्याकडे पाहू. कथेतला तो देव होता. परीक्षा संपताच त्याने मुनींना वंदन केले. आपल्या सरकारी रुग्णालयांत खांद्यावर बसून दटावणारा समाज असतो, आणि वंदन मात्र राहून जाते.

हा विषय आपल्या भागासाठी परका नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे तीस लाख लोकसंख्या. एकीकडे वसई-विरारची दाट वस्ती, १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीज केंद्र आणि बोईसरलगतची औद्योगिक वसाहत. दुसरीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे डोंगरपाडे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ मध्ये सारे राज्य हादरले होते. असे असूनही जिल्हानिर्मितीला दहा वर्षे उलटली, तरी जिल्हा रुग्णालयाची स्वतःची इमारत पूर्ण होण्याची वाट पाहावी लागली. परिणामी डहाणू-तलासरीचा गंभीर रुग्ण सिल्वासा, वापी किंवा वलसाडकडे जातो, वाडा-मोखाड्याचा ठाणे वा नाशिककडे आणि पालघर-बोईसरचा मुंबईकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील एका गर्भवतीला सिल्वासाकडे नेताना वाटेतच मृत्यू आला. रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही, आणि मिळाली तिच्यात प्राणवायू नव्हता, असा नातेवाइकांचा आरोप वृत्तपत्रांत आला. अशा बातमीने ज्याचे मन पेटत नाही, त्याच्या जीवदयेविषयी शंका घ्यावी लागेल.

संताप न्याय्य आहे. तो पडतो कुणावर, हा खरा प्रश्न. रात्री दोन वाजता रुग्णाच्या नातेवाइकांसमोर मंत्रालय नसते, वित्त विभाग नसतो, भरतीची फाईल अडवून ठेवणारा अधिकारीही नसतो. समोर असते पाळीवरची परिचारिका, एखादा तरुण वैद्यकीय अधिकारी, कक्षसेवक आणि १०८ रुग्णवाहिकेचा चालक. ज्यांच्या हाती काही बदलण्याचा अधिकार सर्वांत कमी, तेच आपल्या हाताच्या अंतरावर असतात.

‘रेफर केले’ या शब्दाचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडील ग्रामीण रुग्णालय साधारणतः तीस खाटांचे असते. अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया करायची तर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा आणि रक्ताची सोय हवी. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर तिला पुढे पाठवणे हाच वैद्यकीयदृष्ट्या योग्य निर्णय ठरतो. नातेवाइकांना वाटते, डॉक्टरांनी हात झटकले. वस्तुतः भूलतज्ज्ञाचे पद रिकामे ठेवणाऱ्याने हात झटकलेले असतात. त्या निर्णयाखाली सही मात्र पाळीवरच्या डॉक्टरची असते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या कोणत्याही सरकारी वॉर्डात रात्री फेरी मारावी आणि खाटा मोजाव्यात, म्हणजे सिस्टरच्या आवाजातील कोरडेपणा कोठून येतो ते उमगेल.

चूक माणसांची की व्यवस्थेची, या वादाचा निवाडा पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका लष्करी रुग्णालयात झाला आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमी ब्रिटिश सैनिकांना तुर्कस्तानातील स्कुटारीच्या रुग्णालयात आणले जाई. तेथील हालांची वर्णने ‘टाइम्स’ पत्रातून प्रसिद्ध होताच इंग्लंडमध्ये आक्रोश झाला. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचल्या. त्यांनी रात्रीचा दिवस केला, तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ मृत्यू झाले. इतकी निष्ठावान सेवा असूनही असे का व्हावे? मार्चमध्ये सरकारने पाठवलेला स्वच्छता आयोग तेथे आला, तेव्हा कारण सापडले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती, पाणी दूषित होते, खोल्यांत हवा खेळत नव्हती. आयोगाने गटारे धुऊन काढली, पाण्याची आणि हवेची व्यवस्था केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरात सुमारे दोनवर आले. शुश्रूषा करणारे हात तेच होते. बदलली ती त्यांच्या पायाखालची गटारे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळी इंग्लंडमधील लोकक्षोभ परिचारिकांवर कोसळला नाही. तो मंत्रिमंडळापर्यंत पोहोचला आणि १८५५ च्या आरंभी अॅबर्डीन यांचे सरकार गेले. संताप योग्य पत्त्यावर गेला, म्हणून आयोग आला आणि गटारे साफ झाली. असेच दुसरे उदाहरण अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाचे. २००७ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तेथील जखमी सैनिकांच्या निवासी इमारतीतील बुरशी, उंदीर आणि कागदपत्रांच्या जंजाळाचे वर्णन छापले. ते छापताना रुग्णालयातील उपचार आणि बाहेरची दुरवस्था यांत त्या बातमीदारांनी भेद केला. काही दिवसांत रुग्णालयाच्या प्रमुखांना हटवण्यात आले आणि लष्कर खात्याच्या सचिवांना पद सोडावे लागले.

आता आपल्या राज्याकडे पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. पालघरच्या रुग्णांनाही आधार असलेले हे ५०० खाटांचे रुग्णालय. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिसरातून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण तेथे येतात, असे अधिष्ठात्यांनी सांगितले. भेटीला आलेल्या खासदारांनी ३ ऑक्टोबर रोजी त्याच अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. सफाई कामगारांची पदे मंजूर करणे अधिष्ठात्यांच्या हाती नसते. २०१७ पासून औषधखरेदीही मुख्यतः हाफकिन महामंडळामार्फत मध्यवर्ती पद्धतीने होत असे. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्याने रिक्त पदे आणि औषधखरेदी यांविषयी शासनाला विचारले. न्यायालयाचा प्रश्न वर गेला. झाडू मात्र खालच्या हातात दिला गेला होता.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि तीन परिचारिकांस. आगीच्या वेळी कोण कोठे होते, याची चौकशी व्हायलाच हवी. परंतु विद्युतजोडणी, अग्निशमन यंत्रणा आणि तिचा निधी या बाबी कोणत्याही सिस्टरच्या ड्युटी-तक्त्यात नसतात. राज्यभरच्या परिचारिकांनी निषेध केला तो याच कारणासाठी.

येथे कोणी विचारील, मग सारेच कर्मचारी निर्दोष का? मुळीच नाही. गैरहजर राहणारा डॉक्टर, बाळंतिणीला अपशब्द बोलणारी परिचारिका, स्ट्रेचर ढकलण्याचे पैसे मागणारा कक्षसेवक यांना पाठीशी घालणे हा रुग्णावरचा अन्याय होईल. अशा वेळी दिनांक, वेळ आणि कृत्य नमूद करून लेखी तक्रार करावी. एका माणसाच्या कृत्याची तक्रार हे नागरिकाचे कर्तव्य आहे; साऱ्या गणवेशावर केलेली चिखलफेक ही हिंसा आहे, मग ती वाचेने केलेली का असेना. हात उगारणे तर दूरच राहिले. रुग्णसेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद ठेवली. असा कायदा करावा लागला, यातच आपल्या वागणुकीची नोंद आहे.

या अपमानाची किंमत कोण मोजतो? शहरात संधी असलेला डॉक्टर निघून जातो. आदिवासी तालुक्यातील पद पुन्हा रिकामे होते. नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकांतील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे अपुऱ्या मानधनावर पाडे पायाखाली घातले आहेत. त्यांच्यापैकी एक जरी कंटाळून गेला, तर मोखाड्याच्या पाड्यावरील बाळंतिणीचे शहराशी असलेले अंतर आणखी वाढते. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे स्वतः खासगी रुग्णालयात जातात. परंतु आपल्या कारखान्यातील, दुकानातील, घरातील कामगारांची कुटुंबे सरकारी रुग्णालयाच्याच भरवशावर असतात. तारापूरच्या वसाहतीत स्फोट वा वायुगळती झाली, तर भाजलेल्या कामगाराला पहिला हात लावणार आहे तो जवळच्या दवाखान्यातील पाळीवरचा कर्मचारी. तो हात तेथे टिकणे हे आपल्या हिताचे आहे आणि आपले कर्तव्यही आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपबृंहणा आणि स्थिरीकरण ही दोन अंगे येतात. गुणवंताच्या गुणांची प्रशंसा करून ते वाढवणे ही उपबृंहणा. डळमळणाऱ्याला त्याच्या सत्कार्यात स्थिर करणे हे स्थिरीकरण. ही दोन्ही अंगे रुग्णालयाच्या दारापर्यंत नेता येतील. आपल्या गावच्या रुग्णालयात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारून ते उत्तर आमदार-खासदारांपुढे ठेवता येईल. रुग्ण कल्याण समितीच्या कामकाजात लक्ष घालता येईल. वाढदिवसाला फळे वाटून छायाचित्र काढण्याऐवजी वैद्यकीय अधीक्षकांना ‘आपल्याला काय कमी पडते?’ असे विचारून ते देता येईल. कदाचित ती पाण्याची टाकी असेल, नातेवाइकांसाठी निवारा असेल किंवा रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी कडी लागणारी एक विश्रांतीची खोली असेल. आणि चातुर्मासात तपस्वींचे बहुमान होते, त्याच मंडपात ग्रामीण रुग्णालयातील सिस्टर, सफाई कामगार आणि आशा सेविका यांनाही सन्मानाने बोलावता येईल.

नंदीषेण मुनींनी खांद्यावरच्या रोग्याला खाली टाकले नाही, कारण त्यांचा अभिग्रह दृढ होता. पगारावर, अनेकदा कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाकडून मुनीची क्षमा अपेक्षिण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्याला पुरेशी माणसे, औषधे आणि सुरक्षितता मिळावी म्हणून योग्य दाराशी जाऊन भांडण्याचा अधिकार मात्र आपल्याला आहे. या चातुर्मासात प्रत्येक संघाने आपल्या तालुक्यातील एका रुग्णालयापुरते तरी हे काम अंगावर घ्यावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.