रंग नवा, वाद जुना : कोऱ्या मोटारीवरील डागाला जबाबदार कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि अधिभारही हटला. नवरात्राच्या पहिल्याच दिवसापासून शोरूमपुढे रांगा लागल्या. दसरा, दिवाळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर वाहन घरी नेण्याचा आग्रह आपल्याकडे नवा नाही. मात्र मागणी वाढली की कारखान्यातून निघालेली मोटार ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतची प्रत्येक पायरी घाईत उरकली जाते. या घाईचा पहिला पुरावा सहसा इंजिनात सापडत नाही, तो बॉनेटवर किंवा दारावर सापडतो. रंगाखाली अडकलेला धुळीचा कण, कडेला आलेला ओघळ, बंपर आणि फेंडर यांच्या छटेतील फरक किंवा एखाद्या पॅनेलवर पुन्हा मारलेला रंग अशी त्याची रूपे असतात.

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. गाडी चालते, ब्रेक लागतात, मग एका डागासाठी वाद कशाला, अशी समजूत घालणारे अनेक भेटतात. परंतु दहा-बारा लाख रुपये मोजून, बहुतेकदा पाच-सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन घेतलेली वस्तू कोरी आहे की दुरुस्त केलेली, हा प्रश्न सौंदर्याचा नसून व्यवहाराचा आहे. जुन्या मोटारींच्या बाजारात रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता सर्रास वापरले जाते. एका दरवाजाचा रंग नंतर मारल्याचे त्यात दिसले की गाडी ‘ठोकलेली’ ठरते आणि भाव उतरतो. पहिल्या मालकाने अपघात झालाच नसल्याचे कितीही सांगितले, तरी ते सिद्ध करणे त्याला अवघड जाते.

दोष येतो कोठून?

आधुनिक कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी रासायनिक प्रक्रियेने स्वच्छ केला जातो. नंतर तो विद्युतभारित द्रावणाच्या टाकीत बुडवून गंजरोधक थर चढवला जातो. हा थर साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजला जातो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट येतो. हे वरचे थर १४० अंशांच्या आसपास पक्के होतात. एवढे सगळे थर मिळून जाडी भरते ती साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. क्लिअर कोट तर त्यातील ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो. ऊन आणि अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे संरक्षण तोच करतो.

इतक्या पातळ थरांच्या कामात दोष राहणे अपरिहार्य आहे आणि उत्पादक ते गृहीत धरूनच चालतात. हवेतील कण बसतो, सिलिकॉनचा अंश असल्यास रंग फाकून खड्डा पडतो, फवारा जास्त झाल्यास ओघळ येतो, तर थर नीट न पसरल्यास पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. उत्पादन साखळीच्या शेवटी प्रखर दिव्यांखाली तपासणी होते. लहान कण बारीक पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली जाते. ही नियमित प्रक्रिया असून तिच्याबद्दल तक्रार करण्यास जागा नाही. बंपर प्लास्टिकचे असल्याने वेगळ्या ठिकाणी, कमी तापमानावर रंगवले जातात. त्यामुळे विशेषतः मेटॅलिक छटांमध्ये बंपर आणि पत्रा यांत किंचित फरक अनेक गाड्यांत आढळतो.

दुसरा टप्पा वाहतुकीचा. चाकण किंवा रांजणगावहून निघालेली मोटार ट्रेलरवरून वा रेल्वेने शेकडो किलोमीटर जाते आणि वितरकाच्या उघड्या स्टॉकयार्डमध्ये काही दिवस, कधी काही महिने उभी राहते. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, आम्लयुक्त पाऊस, शेजारच्या गाडीचा घासलेला दरवाजा हे सारे येथे घडते. तिसरा टप्पा ग्राहकाला देण्यापूर्वीच्या तपासणीचा, म्हणजे ‘पीडीआय’चा. धूळ भरलेल्या फडक्याने केलेल्या घाईच्या पुसण्यामुळे येणारे गोलाकार ओरखडे ही याच टप्प्याची देणगी. ओरखडा खोल असेल तर वितरकाच्या बॉडी शॉपमध्ये त्यावर निमूटपणे रंग मारला जातो. खरा वाद येथे सुरू होतो.

पुन्हा मारलेला रंग वाईटच असतो असे नव्हे. कुशल कारागीर आणि चांगला बूथ असेल तर तो वर्षानुवर्षे टिकतो. मात्र तयार गाडीत वायरिंग, काचा, प्लास्टिक असल्याने ती १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही. बॉडी शॉपमधील रंग ६० ते ८० अंशांवर वाळवला जातो आणि त्याची रसायनेही वेगळी असतात. म्हणजे कारखान्यातील थर तेथे हुबेहूब परत येत नाही. पत्रा उघडा पडून नंतर झाकला गेला असेल आणि काम निष्काळजीपणे झाले असेल, तर मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत गंजाची सुरुवात तेथूनच होते.

अमेरिकेतील बहुचर्चित खटला

‘नवी म्हणून विकलेली, पण पुन्हा रंगवलेली मोटार’ हा विषय जगातील सर्वोच्च पातळीवरील न्यायालयात गेल्याचे एक ठळक उदाहरण आहे. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील एका डॉक्टरने सुमारे ४० हजार ७५० डॉलरला काळी बीएमडब्ल्यू खरेदी केली. नऊ महिन्यांनी गाडी अधिक चकचकीत करण्यासाठी नेली असता कारागिराला ती पुन्हा रंगवलेली असल्याचे आढळले. वाहतुकीदरम्यान आम्ल पावसाने तिचा रंग खराब झाला असावा, असे पुढे आले. दुरुस्तीचा खर्च सूचित किमतीच्या तीन टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर गाडी नवी म्हणूनच विकायची आणि वितरकालाही कळवायचे नाही, असे कंपनीचे धोरण होते. या गाडीवर सुमारे ६०१ डॉलर, म्हणजे दीड टक्का खर्च झाला होता.

ज्यूरीने चार हजार डॉलरची भरपाई आणि ४० लाख डॉलरचा दंडात्मक आदेश दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्म्यावर आणला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे १९९६ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाजवी ठरवला. फेरविचारात तो अखेर ५० हजार डॉलरवर स्थिरावला. दंडाच्या रकमेवरील निकाल म्हणून हा खटला विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पुन्हा रंगवल्याने गाडीचे मूल्य सुमारे दहा टक्के घटते, हे त्या खटल्यात मांडले गेले आणि भरपाईची रक्कम त्यावरच आधारली गेली. शिवाय, निकालानंतर कंपनीला दुरुस्ती लपवण्याचे धोरण सोडावे लागले.

भारतातील कायदा काय म्हणतो?

भारतात अमेरिकेतील राज्यांसारखा ‘लेमन लॉ’ नाही. येथे लिंबू फक्त नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवले जाते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारण्याचा हक्क दिला. तशी ठरावीक मुदतही आपल्याकडे नाही. जो आधार आहे तो २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा.

या कायद्यातील ‘उत्पादन दायित्व’ या नव्या प्रकरणाचा बराच गाजावाजा झाला. तथापि, रंगाच्या तक्रारीला ते उपयोगी पडत नाही. कारण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. ग्राहकाला दाद मागावी लागते ती ‘दोष’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या जुन्याच संकल्पनांच्या आधारे. गुणवत्तेतील कोणतीही उणीव ‘दोष’ या व्याख्येत बसते. दुरुस्त वा नूतनीकरण केलेली वस्तू नवी म्हणून खोटेपणाने विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे कायदा स्पष्टपणे सांगतो. निमूटपणे रंगवलेल्या दरवाजाबाबत ग्राहकाच्या हातातील सर्वांत भक्कम तरतूद हीच आहे.

तरीही गाडी बदलून मिळेल ही अपेक्षा फारशी वास्तव नाही. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती वा बदलून देण्यापुरती असल्याचे सांगितले आणि संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. त्या प्रकरणात तक्रार क्लचची होती. क्लचसाठी गाडी बदलत नसेल तर रंगासाठी बदलण्याचा आग्रह टिकणे कठीण, हे उघड आहे.

जबाबदारी कोणाची, हा दुसरा अडथळा. गोव्यातील एका ग्राहकाला जुन्या वर्षाची, ६०० हून अधिक किलोमीटर चाललेली, खालच्या भागात गंज असलेली मोटार नवी म्हणून दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला दोषमुक्त केले आणि जबाबदारी वितरकावर ठेवली. उत्पादक आणि वितरक यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यावसायिकांमधला असेल, तर वितरकाच्या कृत्याचे उत्तर उत्पादकाने द्यावे, असे आपोआप ठरत नाही. परिणामी, कारखाना वाहतुकीकडे, वाहतूकदार वितरकाकडे आणि वितरक पुन्हा कारखान्याकडे बोट दाखवतो. तक्रारीत उत्पादक व वितरक या दोघांनाही पक्षकार करणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते.

नंबरप्लेट आधी, गाडी नंतर

या साऱ्या वादाची खरी किल्ली मात्र ग्राहक कायद्यात नसून मोटार वाहन कायद्यात आहे. २०१९ च्या सुधारणेनुसार वितरकाच्याच राज्यात नोंदवल्या जाणाऱ्या नव्या वाहनाचा नोंदणी अर्ज वितरकानेच करायचा असतो. असे वाहन प्रथम नोंदणीसाठी परिवहन कार्यालयात हजर करावे लागत नाही. शिवाय नोंदणी क्रमांक वाहनावर लावल्याशिवाय ते मालकाच्या ताब्यात देता येत नाही. हेलपाटे वाचवणारी आणि विनाक्रमांक धावणाऱ्या गाड्यांना आळा घालणारी ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

मात्र तिचा एक परिणाम ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. ज्या दिवशी तो हार, पेढे घेऊन गाडी घ्यायला जातो, त्या दिवशी गाडी कायद्याने आधीच त्याच्या नावावर झालेली असते. विमा उतरलेला असतो, कर्ज वितरित झालेले असते आणि एकरकमी वाहनकरही भरलेला असतो. पेट्रोलच्या वैयक्तिक मोटारीला महाराष्ट्रात हा कर किमतीनुसार ११ ते १३ टक्के लागतो, म्हणजे दहा लाखांच्या गाडीला एक लाखाहून अधिक. अशा वेळी ‘ही नको, दुसरी द्या’ म्हणणे म्हणजे नोंदलेली गाडी परत करण्यासारखे आहे. वितरक ते मान्य करीत नाही आणि पॉलिश करून देण्याचे आश्वासन पुढे येते. नोंदणीपूर्वी तीच मागणी केली असती, तर यार्डातील दुसरी गाडी देण्यात वितरकाचे फारसे काही गेले नसते.

म्हणून तपासणीचा दिवस बदलणे हाच उपाय आहे. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी व नोंदणीस संमती देण्यापूर्वी चासी क्रमांक लेखी मागून घ्यावा. त्याच क्रमांकाची गाडी स्टॉकयार्डात, धुतलेल्या अवस्थेत आणि दिवसाच्या उजेडात पाहावी. शोरूमच्या दिव्यांखाली सारेच रंग देखणे दिसतात. दरवाजांच्या कडा, डिकीची चौकट, रबर पट्ट्यांवर उडालेले रंगाचे शिंतोडे, बॉनेटच्या बोल्टवरील पान्याच्या खुणा यांवरून नंतरचे काम ओळखता येते. जाडीमापक मिळाल्यास उत्तम. एखादे पॅनेल शेजारच्यापेक्षा दुप्पट जाड भरत असेल तर खुलासा मागावा. साधे मापक प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

आढळलेला प्रत्येक दोष सारखा नसतो. धुळीचा बारीक कण, पुसण्याचे हलके ओरखडे पॉलिशने जातात. त्यासाठी गाडी नाकारण्यात अर्थ नाही, पण क्लिअर कोट वारंवार घासू देणेही इष्ट नाही. ओघळ, खड्डे, फुगे, दिसणारा प्रायमर किंवा पुन्हा रंगवलेले पॅनेल असेल तर गाडी बदलून मागावी. ताबा घेतल्यावर दोष दिसला, तर चासी क्रमांकासह छायाचित्रे काढून त्याच दिवशी ई-मेल करावा. ‘वाहन सुस्थितीत मिळाले’ या मजकुराखाली सही करण्यापूर्वी दोषाची नोंद तेथेच लिहावी. वॉरंटी पुस्तिकेत पक्ष्यांची विष्ठा, दगडाचा मार, आम्ल पाऊस यांमुळे झालेली हानी सहसा वगळलेली असते. तक्रारीला उशीर झाला की हीच कारणे पुढे केली जातात.

तडजोड न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची. डाग कारखान्यातला की नंतरचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग तज्ज्ञ तपासणीचा आदेश देऊ शकतो. तथापि, निकालाला लागणारा काळ लक्षात घेता हा अखेरचा पर्याय मानलेला बरा.

उरतो तो धोरणाचा प्रश्न. परिवहन कार्यालयातील तपासणी वगळून सरकारने वितरकावर विश्वास टाकला, पण ग्राहकाच्या तपासणीला त्या प्रक्रियेत निश्चित जागा दिली नाही. नोंदणी अर्जासोबत ग्राहकाने प्रत्यक्ष गाडी पाहून सही केलेला तपासणी अहवाल जोडणे आणि ताब्यापूर्वी झालेली रंगाची कोणतीही दुरुस्ती बीजकावर नमूद करणे, एवढ्या दोन अटी घातल्या तरी बहुतेक वाद दारातच मिटतील. प्रामाणिक वितरकाला त्यात गमावण्यासारखे काही नाही. तोपर्यंत मुहूर्त गाडी घरी आणण्याचा असला, तरी ती पाहण्याचा मुहूर्त ग्राहकाने स्वतःच, नोंदणीच्या आधीचा काढलेला बरा.