तलाव फुटला की खेकडा सापडतो!

धनेगावचं मांजरा धरण भरत आलं की केज तालुक्यात सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागतात. किती टक्के, किती दरवाजे, किती क्युसेक. चांगलंच आहे. पण युसूफ वडगाव परिसरात काय, अख्ख्या मराठवाड्यात काय, गावाच्या वरच्या अंगाला जे मातीचे छोटे तलाव आहेत त्यांची खबर कोण देतं? ढगफुटीसारखा पाऊस झाला की ओढ्याचा लोंढा आधी तेच अंगावर घेतात.

मातीचा बांध एका रात्रीत फुटतो, पण तयारी दहा-पंधरा वर्षं चाललेली असते. भरावावर बाभळी वाढतात. झाड वाळलं की मुळाच्या जागी पोकळी राहते, पाणी तिथनं वाट काढतं. घुशी बिळं करतात. सांडव्यात कुणी पेरतं, कुणी जास्त पाणी साठावं म्हणून दगड रचतं. (हे करणारे आपणच, सरकार नाही!) मग पाणी बांधावरून जातं, आणि मातीवरून पाणी पडायला लागलं की बांध काही तासांत जातो.

२ जुलै २०१९ ची रात्र आठवा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडीतली माणसं झोपेत वाहून गेली. गळतीची ओरड गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. ठीक आहे, धरून चालू. मग खेकडे पोखरत होते तेव्हा बघायचं काम कुणाचं होतं?

२०२१ ला केंद्राचा धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू. १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. गावचा तलाव त्यात बसतच नाही. पण तलाव लहान म्हणून खालच्या वस्तीवर येणारं पाणी गुडघाभरच येईल, असं कुठं लिहिलंय?

निधी नाही म्हणू नका. गाळ काढायला २०१७ पासून योजना आहे. गाळ जरूर काढा, पण पोकलेन बांधाचा पायथा उकरत नाही ना, हे कोण बघतं?

मागणी साधी आहे. दर मे महिन्यात अभियंत्यानं बांधावर चालत जावं. झुडपं लहान असतानाच काढावीत, सांडवा मोकळा करावा. पायथ्याला झिरपणारं पाणी नितळ आहे की गढूळ, ते पाहावं. गढूळ म्हणजे आतली माती निघून चाललीय, तिथं एक दिवसही थांबू नये. आणि तलावावर पाटी लावावी : मालक कोणतं खातं, जबाबदार अधिकारी कोण, फोन काय.

१ मेच्या ग्रामसभेत एवढंच विचारा, आपला तलाव शेवटचा कुणी आणि कधी तपासला? उत्तर लेखी घ्या. म्हणजे उद्या खेकड्याला साक्षीला बोलवावं लागणार नाही.