ह्यूस्टनचा जॉन स्मिथ आणि केरामेरीची चौदा गावं

एमसीएच्या वर्गात डीबीएमएस म्हटलं की जॉन स्मिथ येतो. एल्मसरी आणि नवाथे यांचं जाडजूड पुस्तक ज्यांनी उघडलंय, त्यांना तो माहीत असेल: ह्यूस्टनला राहणारा, संशोधन विभागात काम करणारा, सोशल सिक्युरिटी नंबरवरून ओळखला जाणारा. पुस्तक उत्तम आहे (आणि नवाथे हे आडनाव वाचून बरंही वाटतं). माझी तक्रार एवढीच, की पदव्युत्तर वर्गात पोचूनही आपण त्या जॉनच्या घराबाहेर पडत नाही.

एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि प्रत्येक ओळ वेगळी ओळखता यावी म्हणून तिला एक प्रायमरी की द्यायची. एसक्यूएल, जॉइन, नॉर्मल फॉर्म हे सगळं सरावाने जमतं. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे: एक ओळ म्हणजे नक्की कोण?

साधं नाव घ्या. जॉनच्या नावाला तीन कॉलम आहेत आणि मधल्या कॉलमात एकाच अक्षराची जागा. आमच्या आदिलाबादकडे मराठी घरात मधलं नाव म्हणजे वडिलांचं अख्खं नाव, लग्नानंतर बहुधा नवऱ्याचं. शेजारच्या तेलुगू घरात इंटिपेरू, म्हणजे आडनाव, सगळ्यात आधी, तेही पुष्कळदा नुसतं आद्याक्षर. मग दहावीच्या मेमोवर एक क्रम, आधारवर दुसरा, आणि स्कॉलरशिपच्या अर्जावर 'मिसमॅच'. टायपिंग करणाऱ्याला शिव्या घालून काय होणार? तक्ता आखणाऱ्यासमोर ही नावं कधी आलीच नव्हती.

नावाचं तरी निस्तरता येतं. केरामेरी मंडलातल्या चौदा गावांचं काय करायचं? 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा हे मंडल कुमुरम भीम आसिफाबादमध्ये गेलं. पण याच गावांवर महाराष्ट्राचाही दावा आहे, चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातली म्हणून. राहणारे बरेचसे मराठी बोलणारे. घरात रेशनकार्डं दोन, मतदार ओळखपत्रं दोन, गावात दोन्ही राज्यांच्या शाळा. 2024 च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि आदिलाबादचं 13 मे ला. इथल्या अनेकांची नावं दोन्ही याद्यांत.

आता वर्गातल्या भाषेत बघा. तेलंगणाच्या तक्त्यात त्या माणसाची एकच ओळ आहे. महाराष्ट्राच्या तक्त्यातही एकच. प्रायमरी की दोन्हीकडे शाबूत, फॉरेन की शाबूत, एकही एरर नाही. कन्स्ट्रेंट आपल्या डेटाबेसच्या कुंपणापर्यंतच पाहतो. आधार जोडा म्हणाल, तर दोन्ही ओळी एकाच माणसाच्या आहेत एवढं कळेल. कोणती पुसायची ते कळणार नाही. आणि 'डिलीट' दाबलं की कुणाच्या तरी घरचा तांदूळ बंद होतो. किनवट आणि राजुरा तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादमधून निघाले. तेव्हापासूनच्या सीमेच्या भानगडी क्वेरी लिहून मिटणाऱ्या नाहीत, हे डेटाबेस शिकणाऱ्याला माहीत हवं.

मित्र म्हणतात, प्लेसमेंटच्या मुलाखतीत केरामेरी कोण विचारतंय? तिथे दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढायला सांगतात. खरं आहे. पण ती क्वेरी एका संध्याकाळी पाठ होते, त्यासाठी दोन वर्षांची पदवी कशाला?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. लॅबमधली एक असाइनमेंट बदला. दोन राज्यं, एक गाव, वीस काल्पनिक कुटुंबं (खऱ्यांची नावं नकोत), रेशन आणि मतदार यादी. ईआर डायग्राम काढा आणि प्रायमरी की कोणती ते सांगा. पहिला तास कीबोर्डला हात न लावता नुसत्या भांडणात जाईल. त्या भांडणालाही मार्क ठेवा, दहापैकी चार तरी.